मटका : कापसाच्या भावापासून गिरणगावाच्या चुलीपर्यंत

मटक्याचा उगम मडक्यात नव्हे, तर कापसाच्या बाजारात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारे व बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत आणि त्यांतील आकड्यांवर पैजा लागत. ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्द तेथलेच. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले, तेव्हा कच्छहून मुंबईत आलेले कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत स्वतःच आकडा काढण्यास प्रारंभ केला. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका सुरू केला. मडक्यातील चिठ्ठ्यांची जागा पुढे पत्त्यांनी घेतली. नाव मात्र टिकले.

खेळाची रीत सोपी आहे. तीन अंक काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला शेवटचा अंक घ्यायचा. ३, ५ आणि ९ आले तर बेरीज १७, म्हणजे आकडा ७. हा ओपन. काही वेळाने त्याच पद्धतीने क्लोज निघतो आणि दोन्ही मिळून ‘जोडी’ होते. जोड्या शंभर, जोडी लागली तर रुपयाला साधारण नव्वद रुपये मिळतात. शंभरातले उरलेले दहा रुपये मटकेवाल्याचे. नशिबाचा त्यात कोठेही संबंध नाही, हा निव्वळ हिशेब आहे. तरीही कालच्या आकड्यांचे तक्ते मांडून उद्याचा आकडा ‘काढणारे’ अभ्यासक गल्लोगल्ली आढळतात.

रुपया-दोन रुपयांतही खेळता येत असल्याने मटका गिरणगावात घरोघरी पोहोचला. रेसकोर्सवर जाण्याची ऐपत नसलेल्या कामगारासाठी आकडा लिहून घेणारा कोपऱ्यावरच बसलेला असे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी सावकार उभा, आणि हाती उरलेल्या पैशांवर आकड्याचा मोह. जिंकलेली रक्कम बहुधा पुन्हा आकड्यावरच लागते. त्यामुळे शेकडा दहाची तूट रोज वाढत जाते आणि तिची झळ किराण्याला, मुलांच्या फीला लागते. १९८२ च्या संपानंतर हजारो कुटुंबांचा पगारच बंद झाला, मटक्याचे अड्डे मात्र पुढेही चालू राहिले.

जुगारबंदीचा मुंबईचा मूळ कायदा १८८७ चा. त्याची भिस्त अड्ड्यावर धाड घालण्यावर आहे. धाडीत सापडतो तो बहुधा चिठ्ठ्या लिहिणारा. त्याच्यामागचा मालक क्वचितच. आता तर अड्डाच मोबाईलमध्ये शिरला आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०२५ मध्ये झाला.