शेवया, खपली गव्हाच्या : निवड व पारख

खपली गव्हाच्या रव्याची किंवा सपिटाची कणीक हाताने ओढून अथवा साच्यातून दाबून काढलेले आणि वाळवून वर्षभर साठवलेले बारीक तंतू. बेळगाव, चिकोडी, निपाणी या सीमाभागात आणि लगतच्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांत ते चैत्र-वैशाखातील बेगमीचे वाळवण असून कन्नडमध्ये त्यांस शाविगे व या गव्हास जवे गोदी म्हणतात.

खपली (ट्रिटिकम डायकोकम) हा मळणीनंतरही टरफल दाण्याला घट्ट चिकटून राहणारा, म्हणून कांडून घ्यावा लागणारा प्राचीन गहू आहे. पोळीच्या नेहमीच्या गव्हात 42 गुणसूत्रे असतात, तर खपलीत 28, आणि इटलीतील सुका पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा होतो, म्हणजे आपल्याकडच्या बन्सीच्या जातकुळीतला, त्यातही 28. त्यामुळे शेवया व पास्ता यांचे नाते केवळ आकारसाम्याचे नाही. इटलीत 1967 च्या कायद्याने सुक्या पास्त्यासाठी ड्युरमचा रवा बंधनकारक केला असून तेथील नियमांनुसार त्यात कोरड्या वजनाच्या किमान 10.5 टक्के प्रथिने असावी लागतात आणि ओलावा 12.5 टक्क्यांहून अधिक चालत नाही. प्रथिनांची अट महत्त्वाची आहे, कारण कणीक मळताना तयार होणारी चिवट प्रथिनांची जाळी शिजताना पिठूळ द्रव्य धरून ठेवते. ती कमकुवत असली की तंतू फुटतो आणि पाणी गढूळ होते.

साचा आणि वाळवण यांवरही बरेच अवलंबून असते. नेपल्सजवळील ग्रान्यानो येथील पास्त्यास 2013 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी कांस्याचा साचा आणि 40 ते 80 अंश सेल्सिअस तापमानातील वाळवण आवश्यक आहे. कांस्याच्या साच्याने तंतूचा पृष्ठभाग खरबरीत होऊन त्यावर रस्सा टिकतो; गुळगुळीत, चकचकीत तंतूवरून तो ओघळतो. कडक उष्णतेत घाईने वाळवलेला तंतू बाहेरून आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि तो करपट रंगाकडे झुकतो. सीमाभागातील सुगरणी शेवया प्रथम सावलीत, वाऱ्यावर सुकवतात ते याच कारणाने, आणि ही रीत पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

खपलीची शेवई स्वभावतः लालसर असते. दुधासारखा पांढरा रंग मैद्याची शंका घ्यायला पुरेसा होय. पुड्यावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे भारतात बंधनकारक असल्याने पहिला शब्द ‘खपली गहू’ आहे की ‘मैदा’, हे नाममुद्रेआधी पाहावे. चांगली शेवई मोडताना कडकन तुटते, तळाशी चुरा फारसा साचत नाही आणि शिजल्यावर ती सुटी राहते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीडीके 1025 व डीडीके 1029, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस 2971 हे बुटके, न लोळणारे खपली वाण दिले आहेत. तरीही कांडणीचा खर्च चुकत नसल्याने मैद्याच्या भावात मिळणारी ‘खपली’ शेवई विश्वासार्ह मानता येत नाही. घरगुती किंवा बचत गटाच्या मालावर तपशील छापलेला नसल्यास गव्हाची जात आणि शेवया केल्याचा महिना विचारूनच खरेदी करावी.