आत्याची पर्स आणि तांबडी भुकटी

दिवाळीची आवराआवर म्हणजे घरातले उत्खननच म्हणायचे. गेल्या आश्विनात माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तिच्या तळाशी आत्याची पर्स निघाली. तपकिरी चामड्याची, पितळी खटक्याची. शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून तिने ती मुंबईत घेतली होती. आमच्या घरातल्या बायकांचे पैसे तोवर कनवटीला नाही तर बटव्यात असायचे. ती पर्स मनगटात अडकवून आत्या प्रथम बाहेर पडली, तेव्हा आजी म्हणाली होती म्हणे, "आता हिच्या पैशाला हिचाच खटका!" आतल्या खणात ट्रामचे एक तिकीट मिळाले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, म्हणजे ते तिकीट त्याआधीचे.

पर्स हातात घेतली आणि बोटे तांबडी झाली. कोपऱ्यांतून विटकरीसारखी बारीक भुकटी गळत होती, झाकणावर बुरशीचे पांढरे ठिपके होते. मी काय केले असेल? आपण प्रत्येक दुखण्यावर जे करतो तेच. खोबरेल तेल चोळले! परतीचा पाऊस चालू होता. चार दिवसांत पर्स काळपट, चिकट झाली आणि बुरशीने नव्याने संसार थाटला. शेवटी ती घेऊन कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांकडे गेले. त्यांनी ती नाकाशी धरली, नखाने कडेला जरासे खरवडले आणि म्हणाले, "ताई, तेलानं कोरडं चामडं मऊ पडतं. हे कोरडं नाही, कुजलंय."

हे कुजणे काय असते, याचा शोध घेता घेता मी पार लंडनपर्यंत पोचले.

हातपिशवीचा इतिहास तसा फार जुना नाही. अठराव्या शतकात युरोपातल्या स्त्रिया घेरदार झग्याच्या आत कमरेला कापडी खिसे बांधत, म्हणजे आपल्या कनवटीचीच थोरली बहीण. त्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये अंगासरशा, पातळ पोशाखांची टूम निघाली. आत खिसा बांधावा तर बाहेरून फुगवटा दिसे. म्हणून तो खिसा बाहेर येऊन हातात लोंबू लागला. त्याचे नाव 'रेटिक्यूल'. थट्टेखोरांनी त्याचे 'रिडिक्यूल', म्हणजे हास्यास्पद, असे बारसे केले. बाईने आपले पैसे चारचौघांत मिरवावेत याची टिंगल तिथेही झाली, हे वाचून मला आजी आठवली.

हा बटवा रेशमाचा किंवा मण्यांचा असे. चामड्याची भक्कम पिशवी आली ती एकोणिसाव्या शतकात, आगगाडीच्या प्रवासाबरोबर, आणि बरीचशी खोगीर शिवणाऱ्यांच्या हातून. पॅरिसची हर्मेस ही पेढी १८३७ साली घोड्यांचे साज करण्यासाठी निघाली. तिची पहिली मोठी पिशवी खोगीर आणि रिकिबीचे बूट नेण्यासाठी होती. मोनॅकोची प्रिन्सेस झालेली नटी ग्रेस केली हिने १९५६ साली आपले गरोदरपण छायाचित्रकारांपासून लपवायला जी पिशवी पुढे धरली, ती याच घराण्यातली. तिला 'केली' हे नाव रीतसर मिळायला मात्र १९७७ साल उजाडले. असो, आमच्या आत्याच्या पर्सला असली वंशावळ नाही. पण तिच्या चामड्याला आहे!

कातडे टिकवायचे तर त्यात टॅनिन मुरवावे लागते. ते झाडांत असते. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा. हिरड्याची पोती मुंबई बंदरातून विलायतेला जात. मद्रासकडे तरवडाने कमावलेली शेळ्यामेंढ्यांची कातडी लंडनला पोचत, तिथे रंगत आणि 'पर्शियन' या भारदस्त नावाने खपत. त्यांची पुस्तकांची बांधणी होई आणि पिशव्याही.

पण लंडनच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठी झडू लागल्या. अथेनियम क्लबातल्या पुस्तकांची ही दशा मायकेल फॅरडेने १८४३ सालीच गॅसच्या दिव्यांकडे बोट दाखवून सांगितली होती. पुढे १९०० साली तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने खास समिती नेमली. तिचा अहवाल १९०५ साली ग्रंथरूपाने आला. गॅस आणि कोळसा जळताना गंधकाचा वायू निघतो, तो चामड्यात शिरून त्याचे तेजाब होते आणि तेजाब चामड्याचा धागा तोडते. हाच तो 'तांबडा रोग'. सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांत समितीने आपले तरवडाचे चामडे धरले. हिरड्यातले टॅनिन दुसऱ्या जातीचे, ते या रोगाला पुष्कळ चांगले तोंड देते. मला आपल्या तरवडाची जरा लाजच वाटली. पण लंडनचा धूर तरवडाने थोडाच केला होता?

अहवालात न आलेली गोष्ट एक आहे. हे चामडे ज्यांनी चुन्याच्या आणि सालीच्या हौदांत उभे राहून कमावले, त्या ढोर आणि चर्मकार मंडळींची वस्ती आमच्या गावात गावकुसाबाहेर होती. त्यांच्या हातची वस्तू घरात मिरवली जाई. माणूस उंबऱ्याशी थांबे.

पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची युक्ती निघाली. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ साली तिचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम थोड्या दिवसांवर आले आणि त्या चामड्याला हा रोगही सहसा होत नाही. तुमच्या घरी जुनी पर्स असेल तर कापलेली कड पाहा. आत निळसर-करडी छटा दिसली तर ते बहुधा क्रोमचे; तपकिरी दिसली तर झाडाच्या सालीचे.

काकांनी मला जे सांगितले त्यात नवलाईचे काही नव्हते. पर्स पूर्ण रिकामी करून अस्तर उलटे काढायचे, शिवणीतली धूळ मऊ ब्रशने झाडायची. बुरशी घराबाहेर, नाकाला फडके बांधून झाडायची. ओल्या फडक्याचा नादच नको. निरोगी चामड्याला घट्ट पिळलेले फडके चालते, तेही आधी तळाच्या कोपऱ्यावर लावून पाहावे. रोगट चामडे पाण्याने काळे पडून ताठरते. वाळवायचे सावलीत. उन्हात ठेवले की तडे गेलेच. मग आत कोरा कागद भरून मलमलीत गुंडाळायचे. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो.

तेलामेणाचे लेप तर ब्रिटिश म्युझियमनेही एके काळी केले होते. लोकरीची चरबी, देवदारी तेल आणि मधमाशांचे मेण यांचे ते मिश्रण जगभर चोपडले गेले. आता जाणकार ते टाळतात. लेपावर धूळ बसते, चामडे काळवंडते. भुकटी होणाऱ्या चामड्याला हल्ली सेल्युलोजपासून केलेला एक पातळ द्राव देतात. त्याने कण धरून राहतात, गेलेली ताकद मात्र परत येत नाही.

माझे खोबरेल काही निघाले नाही. झाकणावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग तसाच आहे. काकांनी सुटलेली एक शिवण जुन्याच भोकांतून दोरा ओवून घातली, नवी भोके पाडली नाहीत. पैसे विचारले तर म्हणाले, "खटका चालतोय का ते आधी बघा." चालतो. ट्रामचे तिकीट पुन्हा त्याच खणात ठेवले आहे, फक्त आता त्याला पातळ कागदाची घडी आहे.