बीटा ब्लॉकर आणि अनियमित नाडी

बीटा ब्लॉकर हा ॲड्रेनॅलीनचा हृदयावरील परिणाम अडवून ठोक्यांची गती उतरवणारा औषधगट. त्यातले प्रोप्रॅनोलॉल स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात विकसित केले. १९८८च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. आज मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अधिक दिली जातात.

एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित नाडीच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे आलिंदे, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. तिथून सुटणारे विस्कळीत विद्युत्-संदेश मधल्या गाठीतून खालच्या कप्प्यांत उतरतात. बीटा ब्लॉकर ही वाट अरुंद करतो. ठोके कमी होतात, ताल मात्र बहुधा बिघडलेलाच राहतो. ‘गोळी चालू आहे तरी नाडी चुकते’ म्हणून घाबरून गोळी सोडणारे रुग्ण म्हणूनच फार मोठी जोखीम पत्करतात: औषध एकाएकी थांबवल्यास नाडी उसळते, छातीत दुखू लागते, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येतो. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

गती किती असावी? कायमचे फिब्रिलेशन असलेल्या ६१४ रुग्णांवरील डच अभ्यासात (२०१०) विश्रांतीतली नाडी ११०च्या आत ठेवणे हे ८०च्या आत ठेवण्याइतकेच चांगले ठरले. प्रत्येकाचे लक्ष्य मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

नाडी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे टेकवावीत आणि घड्याळात पुरे एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर अनियमित नाडीत आकडा फसतो. काही दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेला आकडा जास्त भरतो. रक्तदाबाचे यंत्रही अशा नाडीत चुकते. दोनतीनदा मोजून सरासरी घ्यावी.

नाडी ५०च्या खाली आणि सोबत चक्कर असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, धाप लागणे यांत वाट पाहू नये. दमेकऱ्यांनी आपला आजार आधी सांगावा. मधुमेहींत साखर उतरल्याची धडधड व थरथर ही औषधे झाकतात. घाम तेवढा सुटतो. व्हेरापामिल वा डिल्टियाझेम सोबत असल्यास हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावू शकते.

थरथरणाऱ्या आलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. बीटा ब्लॉकर तो टाळत नाही. त्यासाठी ज्यांना गरज आहे त्यांना रक्त पातळ करणारे औषध वेगळे द्यावे लागते. संधिवाती ज्वराने मायट्रल झडप बरीच आखडलेली असेल तर ते वॉरफरिनच असते, आणि त्यासोबत रक्त गोठण्याची आयएनआर ही नियमित तपासणी.