नेट आहे का रे भाऊ?

मंडळी, वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण तो सिग्नल फक्त राउटरपर्यंतचा. पुढे इंटरनेट आहे की नाही, हे मशीनला कळतं कसं? सोप्पं आहे. कुणाला तरी हाक मारून बघायची, ओ आली तर ठीक.

२००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय घातली. नेटवर्कला जोडलं की मशीन गुपचूप कंपनीच्या सर्व्हरवरून एक इवलीशी टेक्स्ट फाइल मागवायचं. आत दोनच शब्द, 'मायक्रोसॉफ्ट एनसीएसआय'. तेच आले तर नेट चालू. भलतंच काही आलं तर मध्ये कुणीतरी बसलंय, म्हणजे हॉटेलचं नाहीतर विमानतळाचं लॉगिन पान. (२०१६ मध्ये विंडोज १० ने फाइल आणि पत्ता बदलला, युक्ती तीच.) ॲपलला उत्तरात 'सक्सेस' लागतं. अँड्रॉइडला तर चक्क रिकामं उत्तर हवं असतं, नुसता २०४ हा कोड! मला हेच जास्त आवडतं.

ही हाक मुद्दाम साध्या एचटीटीपीवर मारतात. एचटीटीपीएस असतं तर लॉगिन पानाला मध्ये घुसून स्वतःकडे वळवताच आलं नसतं.

खटकतं ते वेगळंच. तुम्ही कुठेही जोडलेत की तुमचा आयपी पत्ता आणि वेळ त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचते, तुम्ही काहीही न उघडता. लॉगिन पान आहे हे नेटवर्कनेच सांगावं असं स्टँडर्ड २०१५ मध्ये आलं, २०२० मध्ये सुधारलंही. पण ते हॉटेलवाल्याने मनावर घ्यायला हवं ना!