कुट्टी केली, पण जळण गेलं कुठं?



पऱ्हाटी किंवा पाचट यंत्रानं बारीक करून रानात पसरलं की आपण म्हणतो, "झालं, आता कुजंल." अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पाइन-फरच्या जंगलांत गेली वीस-पंचवीस वर्षं हेच चाललंय. फरक एवढाच की तिथं पाचटाऐवजी अख्खी झुडपं आणि बारकी झाडं आहेत, आणि ती वेळेत कुजली नाहीत तर पुढं आग आहे. ही वेळ तिथल्या लोकांवर का आली आणि त्या कुट्टीचं पुढं काय झालं, ते आज लिहितोय.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला करूक, युरोक असे आदिवासी समाज पिढ्यान् पिढ्या जंगलात मुद्दाम हलकी आग लावायचे. ती खालचा पाला-काटक्या खाऊन जायची, मोठी झाडं उभीच राहायची. सरकारनं ही रीत बंद पाडली. त्यात ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटानात मोठा वणवा पेटला. सुमारे ३० लाख एकर जळालं, ८० च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली. तिथलं वनखातं तेव्हा अवघं पाच वर्षांचं होतं. त्या धसक्यानं धोरण पक्कं झालं: आग दिसली की विझवायची. १९३५ मध्ये तर नियमच आला, की कळलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. १९७० च्या दशकात हा नियम सुटला. पण तोवर जंगलात झुडपं आणि बारकी झाडं दाटून गेली होती. खालची आग त्यांच्यावरून शिडी चढल्यासारखी शेंड्यापर्यंत जाऊ लागली.

आता हे साफ करायचं कसं? पेटवावं तर धूर आणि शेजारी वस्ती. तोडून न्यावं तर बारक्या लाकडाला गिऱ्हाईक नाही. म्हणून २००० नंतर यंत्रांचा वापर वाढला. पोकलेनसारख्या मशीनला दातेरी ड्रम लावायचा, उभं झुडूप फोडायचं आणि ढलप्या तिथंच पसरायच्या. याला तिकडं 'मास्टिकेशन' म्हणतात, म्हणजे चक्क चावणं.

फायदा खरा आहे. शिडी मोडली. पण वजन तेवढंच राहिलं. उभं होतं ते आडवं झालं. उत्तर कॅलिफोर्निया आणि नैऋत्य ओरेगनमधल्या अशा जागा संशोधकांनी मोजल्या (२००९). हेक्टरी १५ ते ६३ टन लाकूड जमिनीवर निघालं, आणि त्यात बारीक तुकडेच जास्त.

हा थर पेटला तर मातीचं काय होतं, हेही २००५ मध्ये करून पाहिलं गेलं. मँझानिटा नावाच्या झुडपाची कुट्टी २.५, ७.५ आणि १२.५ सेंटिमीटर जाडीनं पसरून पेटवली. माती कोरडी असताना वरचं तापमान ६०० अंशांपर्यंत गेलं. ७.५ सेंटिमीटर आणि त्याहून जाड थराखाली १० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती सात तास तरी ६० अंशांच्या वर राहिली. ६० अंशांना मुळं मरतात. थर पातळ असेल तर झळ फारशी खाली गेली नाही, आणि माती ओली असली तरी बराच बचाव झाला.

मग ही कुट्टी जुनी व्हायला वेळ किती लागतो? याचं चांगलं उत्तर २०२० मध्ये आलं. १ ते १६ वर्षं जुन्या २५ जागा मोजल्या. त्यातल्या ७ जागा जवळपास दहा वर्षांपूर्वीही मोजलेल्या होत्या. त्या सातांत एकूण लाकूड घटलं फक्त २० टक्के! पण आत डोकावलं तर गोष्ट वेगळी आहे. अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरपेक्षा बारीक तुकडे ६९ टक्के घटले. त्याच्या वरचे, अडीच सेंटिमीटरपर्यंतचे, ३३ टक्के. जाड तुकडे मागं राहिले.

इतका वेळ का? शेतकऱ्याला हे लगेच कळेल. कुजायला ऊब आणि ओल एकत्र लागते. तिथं ओल हिवाळ्यात येते, तेव्हा गारठा असतो. उन्हाळ्यात ऊब येते, तेव्हा पाऊस नसतो. आपल्या पावसाळ्यात दोन्ही एकत्र मिळतात. शिवाय लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र नावापुरतं, त्यामुळं बुरशीलाही नुसत्या लाकडावर जोर करता येत नाही. रॉकी पर्वताच्या बाजूला दहा वर्षांपर्यंतच्या कुट्टीचा अभ्यास झाला (२०१८). तिथं तर नुसत्या वयानं थरात फारसा फरक पडलेला दिसला नाही.

आणि जंगल काही थांबत नाही. वरून दरवर्षी पाइनच्या नव्या सुया पडतात, मधून झुडपं परत फुटतात. म्हणजे जुनं बारीक जळण कुजतंय तोवर नवं येऊन बसतं. म्हणून एकदा यंत्र फिरवलं आणि नकाशावर 'काम पूर्ण' लिहिलं, एवढ्यानं भागत नाही. माती ओली असताना जपून पेटवणं किंवा काही वर्षांनी परत येणं, हे धरूनच चालावं लागतं.

आपलं पाचट लाकडापेक्षा कितीतरी मऊ, तरी हिशोब तोच. तुकडा बारीक हवा, मातीला टेकलेला हवा, ओल हवी आणि नत्र हवं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक ही शिफारस त्यासाठीच आहे. पऱ्हाटीची जाड बुडखं मात्र लाकडाच्याच जातीची. ती दोनदा फिरवून बारीक करा. आणि उन्हाळ्यात कोरड्या रानात कुट्टीचा जाड थर असेल तर बांधावर काडी ओढू नका. थर धुमसत राहतो आणि खालच्या जिवाणूंना, गांडुळांना पळायला जागा नसते.

कुट्टी पसरली ती तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या मृगाला मूठभर उचलून बघा, बारीक किती गेलं आणि जाड किती उरलं.