ठसा, साचा आणि शुभेच्छा

नाताळच्या दिवसांत युरोप-अमेरिकेंतील घरांघरांतून हातांनीं शुभेच्छापत्रें व खाऊच्या डब्या करण्याचा जो छंद आज मोठ्या हौसेनें चालतो, त्याविषयीं बोलतांना एक समजूत बहुतेक गृहीतच धरलेली आढळते. ती अशी कीं, पूर्वीं लोक हीं पत्रें स्वहस्तें करीत. पुढें यंत्र आलें, कारखाने निघाले, बाजारी माल घरांत शिरला आणि हाताची कला लोपली. आतां कांहीं रसिक मंडळी तिला पुन्हां उजेडांत आणीत आहेत. ही कथा ऐकावयास गोड आहे, आणि यंत्रयुगाविषयीं आपणां सर्वांच्या मनांत जी एक अढी असते तिला ती सोयीचीही आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास तिच्यांतील क्रमच मुळीं उलटा आहे. नाताळचें छापील शुभेच्छापत्र जन्मास आलें तेंच हाताचे श्रम वांचविण्यासाठीं. आणि ज्या ठशांनीं व साच्यांनीं या कलेचा घात केला असें म्हणतात, त्यांवांचून ती कला उभीच राहिली नसती.

हेन्री कोल या गृहस्थाचें नांव दक्षिण केन्सिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयाचा पहिला संचालक म्हणून आणि लंडनांतील १८५१ च्या महाप्रदर्शनाचा एक सूत्रधार म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यापूर्वीं टपालसुधारणेच्या चळवळींत तो रोलंड हिलचा एक कळकळीचा सहकारी होता. १८४० पर्यंत इंग्लंडांत पत्राचें हंशील अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तें बहुधा पत्र घेणाऱ्यासच भरावें लागे. गरिबाच्या घरीं पत्र येणें ही एक आपत्तिच असे. १० जानेवारी १८४० पासून देशभर एक पेनी हा सरसकट दर सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत जगांतलें पहिलें चिकट तिकीट निघालें. मग पत्रांचा पूर लोटला. नाताळांत जुन्या-नव्या परिचितांचीं पत्रें येऊं लागलीं, आणि त्यांस उत्तर न धाडणें हा असभ्यपणा ठरूं लागला. ज्यांनीं टपाल स्वस्त केलें त्यांच्याच गळ्यांत हें लोढणें आलें! कोल हा तर शंभर उद्योगांत गुंतलेला मनुष्य. त्यानें १८४३ सालीं आपला चित्रकार मित्र जॉन कॅल्कॉट हॉर्स्ली याजकडून एक चित्र काढवून घेतलें, त्याच्या हजारएक प्रती शिळाछापावर छापविल्या आणि त्यांत हातानें रंग भरविले. कोणास व कोणाकडून, एवढें लिहिण्यापुरती जागा वर-खालीं मोकळी. मधला मजकूर तयार. स्वतःस लागतील तितक्या प्रती ठेवून बाकीच्या त्यानें एकेक शिलिंगास विक्रीस काढल्या.

येथें किंमतीचा थोडा हिशेब केला पाहिजे. शिलिंग म्हणजे बारा पेन्स. ज्या पत्राच्या टपालास एक पेनी पुरे, त्या पत्रावर बारा पेन्स खर्चणें हें सामान्य कारकुनाच्या आवांक्याबाहेरचें होतें. ही किंमत चढली ती मुख्यतः रंगामुळें असावी, कारण स्वस्त रंगीत छपाईची सोय तेव्हां नव्हती. एकेका प्रतीवर रंगाऱ्यास कुंचला फिरवावा लागे. म्हणजे हें पहिलें शुभेच्छापत्र ‘हस्तनिर्मित’ होतें खरें, पण ती कलेची मिरास नव्हती. ती एक अडचण होती, आणि ती केव्हां दूर होते याकडे छापणाऱ्यांचे डोळे लागले होते.

चित्राविषयींही दोन शब्द सांगण्यासारखे आहेत. मधल्या चौकटींत एक सुखवस्तु कुटुंब मेजाभोंवतीं बसून पेले उंचावीत आहे. दोन्ही अंगांस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याचे देखावे आहेत. मधल्या चित्रांत एका लहान मुलीच्या ओठांस मद्याचा पेला लावलेला दिसतो. यावर मद्यपाननिषेधक मंडळींनीं बरेंच काहूर उठविलें. आज या टीकेस हंसण्याची रीत आहे. मला तें हंसणें फारसें योग्य वाटत नाहीं. ज्या शहरांत दारूनें हजारों संसार बुडत होते तेथें सुधारक माणसास हें चित्र खुपावें यांत नवल तें काय? असो. त्या हजारांपैकीं फारच थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. कोलनें स्वतः आपल्या आजीस धाडलेली एक प्रत २००१ सालीं इंग्लंडांत लिलावांत निघाली तेव्हां ती वीस हजार पौंडांहून अधिक किंमतीस गेली.

कोलच्या पत्राचें अनुकरण लगोलग झालें नाहीं. तोंपर्यंत दुसऱ्या एका सणाच्या आश्रयानें ही कला वाढत होती. १४ फेब्रुवारीचा व्हॅलेंटाइनचा दिवस हा प्रेमिकांचा सण इंग्लंडांत जुना. त्या दिवशींच्या पत्रांस कागदी जाळीची महिरप लावण्याची टूम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निघाली. ही जाळी करण्याची युक्ति मोठी मनोरंजक आहे. पोलादी ठशावर नक्षी खोदावयाची, त्यावर कागद ठेवून वरून दाब द्यावयाचा, कीं कागदावर नक्षी उठून दिसते. हें उठावाचें काम पूर्वींपासून चालत होतें. १८३४ च्या सुमारास लंडनच्या डॉब्ज या पेढींतील जोसेफ ॲडनब्रुक नांवाच्या कारागिराच्या लक्षांत आलें कीं, दाबलेला कागद ठशावरच असतां त्याचा उंचावलेला भाग घासून काढला तर तेवढ्याच जागीं छिद्रें पडतात आणि कागदाची लेस तयार होते. ज्या महिरपीकडे पाहून ‘काय हो हाताची नजाकत!’ असें प्रेक्षक म्हणतो, ती पोलादाच्या व घासणीच्या पोटीं जन्मलेली आहे. आपल्या घरांतल्या बायका करंजीच्या कडेवरून कातणें फिरवितात आणि नागमोडी किनार उमटते. ती किनार कातण्याची कीं हाताची, हा वाद स्वयंपाकघरांत कोणी घालीत नाहीं. कागदाच्याच बाबतींत आपण तो कां घालावा, हें मला कळत नाहीं.

या जाळीच्या कागदाचें खरें चीज केलें तें मात्र अटलांटिकपलीकडच्या एका तरुणीनें. एस्थर हौलंड ही अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या वूस्टर गांवची. १८२८ चा तिचा जन्म. माउंट होल्योक येथील स्त्रियांच्या विद्यालयांतून १८४७ सालीं ती शिकून बाहेर पडली. वडिलांचें पुस्तकांचें व लेखनसामग्रीचें दुकान होतें. इंग्लंडाहून आलेलें एक नक्षीदार पत्र तिच्या पाहण्यांत आलें, आणि असें आपणही कां करूं नये, या विचारानें तिनें वडिलांकरवीं इंग्लंडाहून जाळीचा कागद, रंगीत चित्रांचे तुकडे वगैरे सामान मागविलें. दहा-बारा नमुने करून ते तिनें फिरतीवर निघालेल्या आपल्या भावाच्या हवालीं केले. फार तर दोनशें डॉलरांची मागणी येईल अशी तिची अपेक्षा; भाऊ परतला तो पांच हजार डॉलरांची मागणी घेऊन, असें सांगतात. आंकड्यास कौटुंबिक आख्यायिकेचा थोडा रंग चढला असेल, पण धंदा तेथून उभा राहिला याबद्दल शंका नाहीं.

एवढी मागणी एकटीच्यानें पुरी होणें शक्यच नव्हतें. तेव्हां तिनें घराच्या वरच्या मजल्यावर मैत्रिणी जमविल्या आणि कामाची वांटणी करून दिली. एकीनें चित्रें कातरावयाचीं, दुसरीनें मागचा रंगीत कागद बसवावयाचा, तिसरीनें जाळी चिकटवावयाची. नमुना डोळ्यांसमोर ठेवलेला. हेन्री फोर्डच्या मोटारीपूर्वीं साठ-पासष्ट वर्षें, पायऱ्यापायऱ्यांनीं पुढें सरकणारी ही उत्पादनाची रांग वूस्टरच्या एका माडींत चालू होती! पुढें ज्या बायकांस घर सोडणें शक्य नसे त्यांजकडे सर्व सामान एका पेटींत भरून धाडलें जाई आणि आठवड्यानें तयार पत्रें परत घेतलीं जात. आज बाजारांत कागद, ठसे, फिती व नमुन्याचें चित्र एकत्र घालून जे ‘स्वतः करा’ असे संच मिळतात, त्यांची पणजी म्हणजे हौलंडबाईंची ही पेटी. फरक इतकाच कीं, त्या काळीं पेटी घेणाऱ्या बाईस पैसे मिळत. आज तिला पैसे मोजावे लागतात.

हौलंडबाईंची कलादृष्टि मोठी तल्लख होती. जाळीखालीं लहानसा चकचकीत रंगीत कागद ठेवून तिची नक्षी उठविणें, घडीच्या कागदी स्प्रिंगांवर वरचा थर उचलून धरणें, या त्यांच्या युक्त्या आजच्या कारागिरांच्या हातांतही जशाच्या तशा आहेत. पत्रामागें बारीक लाल ‘एच’ हें अक्षर उमटविण्याची त्यांची पद्धति होती. त्यांनीं लग्न केलें नाहीं. १८८० च्या सुमारास वडिलांच्या आजारपणामुळें धंदा जॉर्ज व्हिटनी या त्याच गांवच्या व्यापाऱ्यास विकला, आणि १९०४ सालीं त्या निवर्तल्या.

तोंपर्यंत बॉस्टनमध्यें लुई प्रांग यानें रंगाची ती जुनी अडचण दूर केली होती. ब्रेस्लौ शहरीं जन्मलेला हा जर्मन निर्वासित रंगीत शिळाछापाचा उस्ताद होता. एका चित्रास प्रत्येक रंगाचा निराळा दगड, असे प्रसंगीं वीस-वीस दगड तो वापरी. १८७४ सालीं त्याचीं नाताळपत्रें इंग्लंडांत विकलीं गेलीं, पुढील वर्षीं अमेरिकेंत. १८८० पासून त्यानें चित्रकारांच्या स्पर्धा भरविल्या व पहिल्या चित्रास हजार डॉलरांचें बक्षीस ठेविलें. प्रांगचीं पत्रें खरोखर सुंदर आहेत; यंत्राचें म्हणून तीं हीन मानणाऱ्यानें तीं पाहिलेलींच नसावींत. पण जर्मनींतून येणाऱ्या अतिशय स्वस्त मालापुढें त्याचा टिकाव लागला नाहीं, आणि १८९० च्या पुढें तो या धंद्यांतून बाहेर पडला. म्हणजे प्रांगच्या सुबक कामास बाजारांतून उठविलें तें हातानें नव्हे, तर त्याच्याहून स्वस्त यंत्रानें.

त्याच जर्मनींतून देवदूत, फुलें, पक्षी यांचीं उठावदार रंगीत चित्रें तक्तेच्या तक्ते येत. साच्यानें कापलेलीं हीं चित्रें एकमेकांस अरुंद कागदी पट्ट्यांनीं जोडलेलीं असत. पट्टी कातरली कीं चित्र सुटें. इंग्लंडांतल्या मुली तीं वह्यांतून, पेट्यांवर व घरगुती पत्रांवर चिकटवीत बसत. ‘घरगुती कला’ म्हणून ज्या काळाचें आज कौतुक होतें, तिचें हें सामान बर्लिनच्या कारखान्यांतलें होतें.

खाऊच्या डबीची कथा याहून लहान, पण तिच्यांतही साच्याचाच प्रताप आहे. नाताळांत मिठाई नटवून देण्याची हौस टॉम स्मिथ या लंडनच्या हलवायानें १८४० नंतरच्या दशकांत वाढविली. पॅरिसमध्यें रंगीत कागदांत गुंडाळलेले साखरी बदाम पाहून त्यानें ती तऱ्हा उचलली, आंत प्रेमाच्या ओळी घातल्या, आणि पुढें ओढतांच फटाका उडणारी सुरळी काढली. पुठ्ठ्याची घडीची डबी मात्र ब्रुकलिनची. रॉबर्ट गेअर हा तेथील कागदी पिशव्यांचा कारखानदार. १८७९ च्या सुमारास त्याच्या यंत्रांतली घडी पाडण्याची पट्टी चुकून वर आली आणि तिनें पिशव्यांस घडी न पाडतां त्या कापूनच टाकल्या. माल फुकट गेला. पण एकच पट्टी कापते आणि दुसरी घडी पाडते, तर दोन्ही एकाच दाबांत कां होऊं नयेत, हा प्रश्न गेअरच्या मनांत उभा राहिला. आज कोणी गृहिणी चार चॉकोलेटें ठेवण्यासाठीं जी इवलीशी डबी साच्यांतून काढते व घडीवर दुमडून उभी करते, ती गेअरच्या त्या नासलेल्या पिशव्यांची वंशज आहे.

रबरी शिक्क्याचें कूळ तर कोणास ओळखतांही येणार नाहीं. चार्ल्स गुडइयर यानें गंधकानें रबर पक्कें करण्याच्या कृतीचें अमेरिकन पेटंट १८४४ सालीं घेतलें. तिचा पहिल्या ग्राहकांत दांतांचे वैद्य होते. कवळीचा पाया ते या रबराचा करीत, आणि त्यासाठीं त्यांजकडे लहान भट्ट्या असत. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पहिले रबरी शिक्के ज्या भट्ट्यांत भाजले गेले त्या या दंतवैद्यांच्याच. शोधाच्या मानाबद्दल दोघां-तिघांत तंटा आहे. त्यांत आपण पडूं नये. शंभर वर्षें हा शिक्का कचेऱ्यांतून ‘पावले’ आणि ‘रद्द’ असें छापीत राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो चित्रकारांच्या व हौशी मंडळींच्या हातीं गेला. १९८८ सालीं दोघी बहिणींनीं शोभेच्या शिक्क्यांचा धंदा सुरू केला, आणि घरोघरीं बायकांच्या बैठकी भरवून तो विकण्याची पद्धति पाडली. पुढें मेजावर मावणारें, हातानें फिरविण्याचें दोन रुळांचें यंत्रही आलें. त्यांतून पातळ पोलादी साचा व कागद एकत्र सरकविला कीं पान, फूल, हिमकण, जें हवें तें कापून निघतें. ॲडनब्रुकचा ठसा कारखान्यांतून निघून जेवणाच्या मेजावर आला, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे परगांवच्या आप्तांस संक्रांतीचें पत्र धाडतांना तिळगुळाची वा हलव्याची लहानशी कागदी पुडी त्यास जोडण्याची रीत होती. पत्र आणि खाऊ एकाच पाकिटांत पाठविण्याची ही कल्पना कोणा कोलची किंवा स्मिथची उसनी घेण्याचें आपणांस कारण पडलें नाहीं. टपालाच्या थैलींत ठोकरा खाऊन हलव्याचा बहुधा चुरा होई, आणि तो चुराही मुलें बोटांनीं टिपून खात.

अमेरिकेंत या छंदाचें जें सामान विकलें जातें त्यांत एका लहान रबरी शिक्क्यास चांगली मागणी आहे. तो पत्राच्या पाठीमागें, जेथें हौलंडबाईंचा लाल ‘एच’ असे, तेथें उमटवावयाचा असतो. त्यावरील अक्षरें कारखान्यांतच पाडलेलीं असतात: ‘हातानें केलेलें’.