दाढ आणि सुई

आमच्या लहानपणी श्रीगोंद्याच्या आठवडे बाजारात दात काढणारा बसायचा. फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग, हातात पक्कड. दोघांनी डोकं दाबून धरायचं, चार आणे द्यायचे. भूल कुठली? 1968-70 च्या सुमाराची ही गोष्ट.

वास्तविक 1884 सालीच व्हिएन्नात कार्ल कोलरनं कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला होता. पण कोकेनची चटक लागायची. 1905 ला नोव्होकेन आलं. 1943 ला स्वीडनच्या निल्स लॉफग्रेननं लिग्नोकेन बनवलं, 1948 पासून ते विकायला आलं. म्हणजे आमच्याकडं पक्कड चालत होती तेव्हा ही सुई जगात वीस वर्षांची जुनी होती!

आता सुई तालुक्यात मिळते, तरी माणसं भितात. औषध नसेत शिरून दुखण्याचा निरोप अडवतं. पण पू झाला की ती जागा आंबट होते, औषध नसेत नीट शिरत नाही. आमचे लोक आधी लवंग धरतात, मग मिसरी, मग म्हणतात ऊस तुटून जाऊ द्या. गाल फुगल्यावर दवाखाना. सुई चढत नाही, की गावभर बोंब, सुईत काही दम नाही. डॉक्टर गोळ्या देऊन आठ दिवसांनी बोलावतात. तोवर ठणका थांबलेला असतो आणि गडी उसाला पाणी भरत असतो.